पुढे रस्ता नाही

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळणारा रस्ता नसरापूरच्या बाजारातून बाहेर पडतो आणि राजगड-तोरण्याच्या दिशेने निघतो. मागे महामार्गावर ट्रकांची रांग तुटत नाही. इथे मार्गासनी ओलांडेपर्यंत दुधाच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा, दुचाक्या तुरळक होत जातात. वेल्हे मागे टाकून केळदच्या वाटेला लागलं की एक गाडी गेल्यावर दुसरी येईपर्यंत इतका वेळ जातो, की आपल्या सायकलची चेन तेल मागते आहे हे स्पष्ट ऐकू येतं.

हे पुस्तक अशा रस्त्यांचं आहे. मुळशी, भोर आणि पूर्वी वेल्हे म्हणून ओळखला जाणारा राजगड, या तीन तालुक्यांतले डांबरी, चढउताराचे, वर्दळ नसलेले रस्ते त्यात आहेत. नकाशे, अंतरं, चढाची मापं, पाणी कुठे मिळेल, हे सगळं पुढच्या पानांवर येईलच. त्याआधी एका प्रश्नाला हात घालायचा आहे. हे रस्ते शांत का आहेत? नुसती यादी घेऊन फिरणाऱ्याच्या हातातली यादी फार लवकर शिळी होते. एखाद्या टेकडीला खडीक्रशर लागतो, एखाद्या ओढ्यावर पूल होतो, आणि वर्षभरात त्या रस्त्याची तऱ्हा बदलते. शांततेचं कारण ज्याला उमगलं, त्याला नवा रस्ता स्वतः शोधता येतो. पुस्तक वाचून संपल्यावरही हाताशी राहावी अशी गोष्ट हीच आहे.

पहिलं कारण डोंगरात आहे. सह्याद्रीची मुख्य धार दक्षिणोत्तर गेली आहे आणि तिच्या पश्चिमेला कडा थेट कोकणात उतरतो. पावसाचं पाणी धारेवरून पूर्वेला वळतं. मुळा, मुठा, मोसी, आंबी, कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा या सगळ्या नद्या तिथे उगम पावतात आणि देशाकडे वाहत येतात. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एकेक सोंड पूर्वेकडे आलेली असते. सिंहगडाची रांग पुढे पुरंदर-भुलेश्वरकडे जाते, रायरेश्वराची मांढरदेवीकडे. नदीचं एकेक खोरं म्हणजे एकेक मावळ: मोसे खोरं, मुठे खोरं, कानद खोरं, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, हिरडस मावळ. मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर, रोहिड खोऱ्यातल्या कारीचे कान्होजी जेधे, ही नावं शाळेत पाठ केलेली असतात. पण त्या देशमुख्या अशा वेगवेगळ्या का नांदल्या, हे सायकलवरून एक खिंड चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरताना पायांना कळतं. इकडचा माणूस तिकडे रोज जाऊ शकत नव्हता.

यातून सायकलस्वाराला एक साधा नियम मिळतो. पूर्व-पश्चिम निघालात तर नदी सोबत असते. चढ मंद असतो, रस्ता खोऱ्याच्या तळाने जातो. दक्षिणोत्तर निघालात तर खिंड चढायची तयारी ठेवा. खडकवासल्याच्या काठावरच्या खानापूरहून पाबे घाटाने वेल्ह्याला जाणारा रस्ता हा दुसऱ्या प्रकारचा. एका बाजूला मुठेचं खोरं आणि दुसऱ्या बाजूला कानंदीचं, मध्ये खिंड, आणि खिंडीतून समोर तोरणा दिसतो, १४०३ मीटर उंचीचा. खिंडीचे रस्तेही टप्प्याटप्प्याने चढतात. इथला कातळ लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे, त्यामुळे उभा चढ, मग सपाटी, मग पुन्हा उभा चढ असा क्रम येतो. ही सपाटी कुठे आहे हे आधी माहीत असेल तर दम राखून चढता येतं. म्हणून प्रत्येक मार्गाच्या आलेखात ती ठळक दाखवली आहे.

आता पश्चिमेचा कडा. ताम्हिणी आणि वरंध ही या पट्ट्यातून मोटारीने कोकणात उतरण्याची ठिकाणं. बाकी जिथे जिथे खोरं कड्याला जाऊन भिडतं, तिथे डांबर थांबतं. खाली जाणाऱ्या वाटा आहेत, पण पायवाटा. केळदजवळचा मढे घाट त्यातलाच. तानाजी मालुसऱ्यांचा देह त्याच वाटेने उमरठला नेला, असं परंपरा सांगते. अशा गावात सायकल थांबवून पुढची चौकशी केली की पारावरचा म्हातारा हमखास सांगतो, “पुढे रस्ता नाही.” मोटारवाला हे ऐकून गाडी वळवतो. आपल्याला हवा असलेला रस्ता तोच. ज्याच्या टोकाला दुसरं काही नाही, त्याच्यावर त्याच गावाची माणसं, त्याच गावचं दूध आणि त्याच गावची एसटी जाते.

दुसरं कारण माणसाने घडवलेलं आहे, आणि त्याबद्दल घाईने लिहिता येत नाही. या तीन तालुक्यांत नदी तितकी धरणं झाली. वेळवंडीवरचं भाटघर इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभं राहिलं. मुळशीचं धरण टाटांच्या वीजप्रकल्पाचं. त्याच्या विरोधात १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून सेनापती बापट झाले. धरण झालंच. मुळशीचं पाणी आजही कड्याखाली भिऱ्याच्या वीजगृहात पडतं. आंबीवरचं पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुण्यात पूर आला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे ते पुन्हा बांधलं गेलं. मोसीवर वरसगाव, मुठेवर टेमघर, नीरेवर नीरा देवघर, अलीकडच्या काळात गुंजवणी. प्रत्येक धरणाने खोऱ्याचा तळ बुडवला. तळालाच भाताची उत्तम खाचरं होती, गावं होती, आणि गावांना जोडणारा सरळ रस्ता होता.

पाणी चढलं तसा रस्ता डोंगराच्या अंगावर सरकला. आज भाटघर किंवा पानशेतच्या काठाने जाणारा रस्ता पाण्याची पातळी धरून चालतो. डोंगरातून एक ओहोळ आला की रस्ता त्याच्या मुखापर्यंत आत शिरतो, मोरीवरून ओलांडतो, आणि दुसऱ्या कडेने पुन्हा बाहेर येतो. समोरच्या टेकाडावरचं देऊळ हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला अर्धा तास लागतो. वेळेची घाई असलेला कोणीही हा रस्ता धरत नाही. सायकलसाठी मात्र याहून गुणी रस्ता नाही. चढ आहेत, पण छोटे. उतार आहेत, पण ब्रेक तापवणारे नाहीत. आणि पाणी सतत एका हाताला. डोंगरात पहिल्यांदा सायकल घालणाऱ्याने अशाच काठाच्या रस्त्यावर सुरुवात करावी.

उन्हाळ्याच्या शेवटी भाटघरचं पाणी खाली जातं आणि वेळवंडीच्या पात्रातलं कांबरे गावचं जुनं शिवमंदिर उघडं पडतं. मग दगडी बांधकामाभोवतीच्या गाळात माणसं चालत जाऊन दर्शन घेतात. काठावरून ते पाहताना जाणवतं की आपण ज्या शांत रस्त्यावर उभे आहोत तो त्या बुडालेल्या रस्त्याची भरपाई म्हणून मिळालेला आहे. कित्येक घरं पूर्वेकडे, कोरड्या मुलखात जाऊन वसली. भाताची माणसं ज्वारीच्या शेतात उतरली. जी मागे राहिली ती डोंगराच्या कडेला वर सरकली. या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक मार्गांची शांतता या विस्थापनातून आली आहे, आणि ते ठाऊक नसताना त्या काठाने सायकल चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

शांत रस्ता नकाशावर कसा ओळखावा, हेही सांगायला हवं. आपल्याकडे रस्त्यांची प्रतवारी १९४३ च्या नागपूर योजनेपासून चालत आली आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. सायकलस्वाराचं राज्य शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहे. रस्त्यावर उभं असताना किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहावा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारंगी असेल तर ग्रामसडक. नारंगी दगड दिसला की जीव भांड्यात पडतो. ग्रामसडकेच्या तोंडाशी एक फलक असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पाच वर्षांच्या देखभालीची मुदत लिहिलेली असते. मुदत चालू असेल तर डांबर बहुधा चांगलं. ती उलटून दोन-तीन पावसाळे गेले असतील तर थोडा रुंद टायर बरा.

रुंदीचाही हिशोब आहे. या रस्त्यांचं डांबर तीन ते पावणेचार मीटर. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर दोघांनाही एक चाक साइडपट्टीवर उतरवावं लागतं, म्हणून कोणी जोरात येत नाही. तोच रस्ता साडेपाच किंवा सात मीटर झाला की वेग दुप्पट होतो आणि वळणावर सायकलला जागा उरत नाही. अरुंद रस्ता सायकलला धोक्याचा वाटतो, पण डोंगरात तोच अधिक सुरक्षित असतो.

याहून जुनी आणि मला सर्वांत आवडणारी खूण म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली एसटी शेवटच्या गावात रात्री थांबते आणि पहाटे तीच गाडी शाळकरी मुलं, दवाखान्यात जाणारे म्हातारे आणि बाजाराला निघालेल्या बायका घेऊन परत फिरते. ज्या गावाला मुक्कामी गाडी आहे, त्याच्या पुढे सहसा रस्ता नसतो. भोर किंवा वेल्ह्याच्या बसस्थानकावरचं वेळापत्रक नीट वाचलं तर या पट्ट्यातल्या शांत रस्त्यांची अर्धी यादी तिथेच मिळते. गाडीच्या वेळाही त्यावरूनच कळतात. अरुंद घाटात एसटी समोरून येणार असेल तर ती जाईपर्यंत चहाच्या टपरीवर थांबलेलं बरं.

चढाबद्दल लोक फार घाबरवतात किंवा फार फुशारकी मारतात, म्हणून थोडे आकडे देतो. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा. ५ टक्के चढावर, म्हणजे वीस मीटरला एक मीटर, ताशी ८ किलोमीटरने जाताना एवढं वजन वर न्यायला सुमारे ९० वॅट लागतात. सवय असलेला साधा माणूस हे तासभर करू शकतो. चढ १० टक्के झाला की त्याच ताकदीत वेग ताशी ४ किलोमीटरवर येतो, आणि त्या वेगाला सायकलचा तोल सांभाळणंच कठीण होतं. गिअरचं गणित यावरच बसवावं. पुढचं लहान चक्र ३४ दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं ३२ दातांचं असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर जाते. मिनिटाला साठ फेरे म्हणजे बरोबर ताशी ८ किलोमीटर. ५ टक्क्यांच्या घाटाला हे पुरतं, १२ टक्क्यांच्या तुकड्याला पुरत नाही. तिथे एमटीबीचे हलके गिअर हवेत, नाहीतर उतरून चालावं. चालण्यात कमीपणा काही नाही. खांद्यावर गवताचा भारा घेतलेली बाई त्याच चढावर आपल्या पुढे चालत असते.

जुने घाट आणि नवे चढ यांत फरक आहे. वरंधसारखे जुने घाट आखताना बैलाची ताकद डोळ्यासमोर होती, म्हणून ते लांब वळणं घेत सावकाश चढतात. डोंगरी रस्त्यांसाठी आजची मानकंही नेहमीचा चढ ५-६ टक्क्यांच्या आसपासच धरतात. पण वाडीवस्तीला अलीकडे पोचलेला रस्ता बऱ्याचदा मूळ पायवाटेवरच डांबर पडून झालेला असतो, आणि पायवाट सरळ वर जाते. रायरेश्वराच्या पायथ्याला कोर्ल्याच्या पुढचा चढ असाच आहे. उतरताना तो जास्त सांभाळायचा. दोन्ही ब्रेक वापरावेत, वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये.

ऋतू निवडताना पावसाचा नकाशा लक्षात ठेवावा. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर घाटमाथ्यावर तो पाच हजारांच्या घरात जातो. सकाळी शहरात ऊन पाहून निघालेला माणूस दुपारी मुळशीच्या पलीकडे ढगात असतो. जुलै-ऑगस्टमध्ये वळणांच्या सावलीत डांबरावर शेवाळ धरतं, ओहोळ रस्त्यावरून वाहतात, दरडी सुटतात. त्यातच शनिवार-रविवारी ताम्हिणी, सिंहगड, पानशेत या रस्त्यांवर शहर लोटतं. मंगळवारी सकाळी निर्जन असलेला रस्ता रविवारी दुपारी चालवण्यालायक राहत नाही. म्हणून पुस्तकात प्रत्येक मार्गासमोर महिना जसा दिला आहे तसा वारही दिला आहे.

माझ्या मते सर्वांत सुंदर काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून भाताची कापणी होईपर्यंतचा. पठारांवर सोनकी पिवळी होते, बांधांवर तेरडा असतो, खाचरातल्या आंबेमोहराचा आणि इंद्रायणीचा वास सकाळच्या दमट हवेत रस्त्यावर येतो. कापणीनंतर खळं कमी पडलं की भात डांबरावर वाळत घालतात, पेंढा पसरतात. ते बाजूने जाऊन ओलांडायचं. वर्षाचं धान्य आहे ते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला डोंगरउतारावर राब भाजतात, तेव्हा खोऱ्यात निळसर धूर धरतो आणि दमाचा त्रास असलेल्याने ते दिवस टाळावेत. मे महिन्यात दुपार असह्य असते, पण पहाटे निघालं तर करवंदांनी रस्त्याच्या कडा काळ्या झालेल्या दिसतात.

या शांततेचं तिसरं एक कारण आहे. माणसंच कमी आहेत. मुंबईत सायकलला डबे अडकवून गर्दीतून वाट काढणारे डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागातले. म्हणजे ज्या मुलखात आपण हौसेने सायकल चालवायला जातो, तिथली माणसं सायकलवर पोट भरायला मुंबईला गेली. त्यांची नातवंडं आता पिरंगुट, हिंजवडी, चाकण इथल्या कामावर जातात. कामाच्या दिवशी खोऱ्याच्या टोकाच्या गावात म्हातारी माणसं, काही बायका आणि प्राथमिक शाळेची मुलं भेटतात. रात्री सर्पदंश झाला तर याच वळणावळणाच्या रस्त्याने तालुक्याला पोचायचं असतं. इथला कोणी “रस्ता रुंद झाला पाहिजे” म्हणाला, तर त्याच्यासमोर शांततेची थोरवी गाऊ नये. त्याचं म्हणणं रास्त आहे. चांगलं डांबर, भक्कम साकव, वेळेवर एसटी हे त्याला मिळालंच पाहिजे, आणि त्याने सायकलचंही काही बिघडत नाही.

बिघडतं ते निराळ्याच गोष्टींनी. धरणकाठाच्या जमिनी तुकड्यांनी विकल्या जातात, डोंगराला जेसीबी लागतो, फार्महाऊसची फाटकं उभी राहतात, आणि शुक्रवारच्या रात्रीपासून त्या रस्त्यावर शहरातल्या मोटारी धावतात. गावाची गरज वेगळी आणि ही वर्दळ वेगळी. या बाबतीत सायकलस्वाराने गावाच्या बाजूने बोलावं, असं मला मनापासून वाटतं. शहरातून तिथे वारंवार आणि सावकाश जाणारा, प्रत्येक ओढा आणि प्रत्येक कापलेली टेकडी जवळून पाहणारा माणूस तोच आहे.

वागण्याच्या चार गोष्टी सांगून ठेवतो. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला राम राम घालावा. पाणी हापशावर भरावं. घरी मागितलं तर तांब्याभर मिळतंच, पण उन्हाळ्यात ते पाणी किती लांबून आणलेलं असतं ते लक्षात ठेवून मागावं. देवळाच्या मंडपात टेकायचं तर कोणाला तरी विचारून, बूट बाहेर काढून. धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नये. काठ गाळाचा आहे आणि खोली एकदम वाढते. धनगरवाड्याजवळ कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नये, उतरून सायकल मध्ये धरून चालत जावं, ती शांत होतात. नेटवर्क बऱ्याच ठिकाणी नसतं, तेव्हा खिशात सुटे पैसे असावेत आणि चहा-वडापाव गावातल्याच टपरीवर घ्यावा. जास्तीची ट्यूब, पंप, चेनची जोडकडी आणि ती बसवण्याचं ज्ञान, हे सोबत नसेल तर टोकाच्या गावापर्यंत जाऊ नये.

पुस्तकाचे भाग तालुक्यांनुसार न करता खोऱ्यांनुसार केले आहेत. सुरुवात भाटघरच्या काठाने, वेळवंड खोऱ्यातून भुतोंड्याकडे जाणाऱ्या मार्गाने होते, कारण तो नवख्यालाही झेपतो. मग गुंजण मावळ आणि कानद खोरं. इथे पाबे आणि केळदच्या खिंडी येतात. त्यानंतर पानशेत-वरसगावच्या मागचा मुलूख, शिरकोली-घोळच्या दिशेचा, जिथे दिवसभरासाठी खाणं बरोबर न्यावं लागतं. मुळशीत मी ताम्हिणीचा मुख्य रस्ता जाणूनबुजून कमी घेतला आहे. त्याऐवजी लोणावळ्याहून आंबवणे, भांबुर्डे असा कड्याच्या काठाने येणारा मार्ग सविस्तर दिला आहे. वनखात्याच्या हद्दीतल्या कच्च्या वाटा आणि गावदेवांच्या राया पूर्णपणे वगळल्या आहेत. तिथे चाकं जाऊ नयेत.

वरंध घाट सर्वांत शेवटी ठेवला आहे. भोरहून नीरा देवघरच्या काठाने हिर्डोशीमार्गे वाघजाईच्या देवळापर्यंत तो जातो, आणि या पुस्तकातला पुढे खरोखर कोकणात उतरणारा मार्ग म्हणून त्याला लांबी, वेळ आणि परतीची सोय या तिन्ही बाबतींत वेगळी तयारी लागते. पावसाळ्यात दरडींमुळे तो बऱ्याचदा बंद ठेवला जातो आणि कधी पाऊस थांबल्यानंतरही दुरुस्तीसाठी बंदच राहतो. निघण्याआधी भोरच्या बसस्थानकावर महाडची गाडी सुरू झाली आहे का, एवढं विचारून घ्यावं.